पिशवी खुंटीला लागेपर्यंत

१२ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानं शेजारणीच्या भांडणावर, आणि आईच्या चक्करची गोष्ट शेवटी, समासात, उभ्या ओळीत. 'आईला न्हाणीघरात जरा गरगरलं, भिंतीला धरलं, पडली नाही.' दूध उतू गेल्याचं कळवावं तसं. अगं, मला शेजारीण काय करायचीय? आई किती वेळ भिंतीला धरून उभी होती? तुला हाक मारली का? डॉक्टरांना दाखवलंत का? परवापासून तो समास मी कितीदा वाचला असेल.

इथलं म्हणशील तर चाललंय. दुकानाच्या तळघरातली आमची शिलाईखोली आता उकडून निघते. सुट्या जवळ आल्या की लोकांना एकदम साक्षात्कार होतो की गेल्या वर्षीच्या विजारी कमरेत बसत नाहीत. दिवसभर मी शिवणी उसवून लोकांच्या कंबरा वाढवते. मुकादमबाई चष्म्यावरून बघत फिरतात. माझी दुमड त्यांना आवडते, पण तसं बोलून दाखवायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसतं. संध्याकाळी घर. दीड खोली, तीत आम्ही दोघं आणि यांची अवजारांची पेटी. हे दिवसभर परक्यांच्या लिफ्टा दुरुस्त करतात आणि आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. चार जिने चढून दारात येतात तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं असतं.

आता मुख्य गोष्ट. यांनी सुटी काढलीय. इथे परदेशात आल्यापासून आम्ही कुठे म्हणून गेलो नाही, तर आता तळ्याकाठी आणि मग डोंगरात, असे तीन आठवडे. खोल्या सांगून ठेवल्यात. अठ्ठावीसला निघायचं. आणि मला सुचत नाहीये गं. आईला तिकडे गरगरतंय आणि मी इकडे तळ्यात पाय सोडून बसू? तू 'जाऊ नकोस' म्हणालीस तर मी यांना पटवीन. पण खरं ते लिही, आणि समासात लिहू नकोस.

तुझी बारकी

२१ जून

प्रिय बारके,

जा. खरं तर पत्र इथेच संपलं, पण एवढ्या मोठ्या पाकिटात एक शब्द बरा दिसत नाही म्हणून पुढचं लिहिते.

आईला मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं. रक्त काढताना ती त्या नर्सलाच धीर देत होती. डॉक्टरीणबाई माणूस म्हणून चांगल्या आहेत. आईच्या सगळ्या तपासण्या केल्या, आणि 'आलाच आहात तर तुमचंही बघून घेते' म्हणून मलाही टेबलावर चढवलं. एकीला न्यायला गेले आणि दोघी तपासून आलो. आता रिपोर्ट यायचेत. आईला विचारलं, किती वेळ धरली होतीस गं भिंत? तर म्हणाली, 'भिंत जवळ होती म्हणून धरली. तिला म्हणावं, लांब असती तर नसती धरली.' घे, झालं समाधान?

आणि आईचा निरोप आहे: एकदा निघालीस की नियम लागू. मला हसू आलं. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण आईच्या डोक्यात अजून कोणीही प्रवासाला निघालं की तो माणूस बाबांसारखी बसच चालवत असतो. 'ज्याच्या पाठीमागे गाडीभर माणसं बसलीत त्याच्या डोक्यात घरचं दुखणं घालायचं नाही.' तू गच्चीच्या पायऱ्यांवरून पडून हात मोडून घेतलास तो दिवस आठवतो का? बाबा मुक्कामाच्या गाडीवर होते. डेपोतून त्यांचा फोन आला, आई खालच्या दुकानात जाऊन 'सगळं ठीक' असं सांगून आली, आणि तू इकडे प्लास्टरात कण्हत होतीस. दुसऱ्या दिवशी बाबा आले. पिशवी खुंटीला टांगली, पाय धुतले, चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि मग आई म्हणाली, 'बारकीचा हात मोडलाय.' तोवर मी तुला आतल्या खोलीत तोंड दाबून बसवलं होतं. तू माझं बोट चावलं होतंस.

तर आता तू घरी परत येईपर्यंत इकडून सगळं ठीक. तूही खोदून विचारायचं नाहीस. फोनच्या भानगडीत तर पडूच नकोस. दुकानात सगळे कान टवकारून उभे असतात, आणि माझ्या आवाजावरून तू नको ते अर्थ काढतेस.

पोहायला येत नाही तर काठालाच बस.

ताई

५ जुलै

प्रिय ताई,

तळं छान आहे. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहून टाकते, म्हणजे तुला वाटायला नको की बारकी तिथेही तोंड पाडून बसलीय. पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, काठाला लाकडी बाकं आहेत, आणि जिकडेतिकडे मी उसवून वाढवलेल्या विजारी घातल्यासारखी माणसं फिरतायत.

आमच्या मुक्कामाच्या जागी लिफ्ट आहे. हे पहिल्या दिवशी आत शिरले आणि कान टवकारून म्हणाले, 'दोर घासतोय.' मी म्हटलं, घासू दे, आपण सुटीवर आहोत. पण माणूस बेचैन. शेवटी मालकाला जाऊन सांगितलं, आणि पुढचा अख्खा दिवस हे लिफ्टच्या विहिरीत. संध्याकाळी तेलाने माखलेले बाहेर आले तेव्हा आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला होता.

माझं काय सांगू? पत्रं घरमालकीणबाई पुढे पाठवणार आहेत, म्हणून कुठेही गेले की आधी काउंटरमागचे पत्रांचे खण बघते. होडीत बसले, सगळे हसतायत, आणि मी मान वळवून काठाकडे बघतेय, की काउंटरवरचा माणूस हात करून बोलावत तर नाही ना. काल नाश्त्याला तोच माणूस हातात कागद घेऊन सरळ आमच्या टेबलाकडे आला. तार आली असं वाटलं आणि माझ्या हातातला चमचा खाली पडला. कागद यांच्यासाठी होता, लिफ्टचा कुठलासा भाग आल्याची चिठ्ठी. हे ती वाचून खूश झाले. मी दिवसभर उन्हात शाल घेऊन बसले होते. लोक बघत होते.

नियम म्हणजे नियम, मी खोदून विचारत नाही. आई कशी आहे एवढंच विचारते. ते विचारणं म्हणजे काही खोदणं नाही.

उद्या डोंगरात जाऊ. अठराला घरी.

तुझी बारकी

१२ जुलै

प्रिय बारके,

आईचे रिपोर्ट आले. सगळे चांगले. चक्कर कानामुळे होती. आपला तोल सांभाळणारं काहीतरी कानाच्या आत असतं म्हणे, ते जागचं हललं होतं. मान वळवायचे व्यायाम दिलेत. आई खिडकीत बसून ते करते आणि समोरच्या खिडकीतल्या शेजारणीला वाटतं ही आपल्याला 'नाही नाही' म्हणतेय. त्यावरून नवं भांडण लागलंय. पण तुला शेजारीण काय करायचीय.

ग्रंथालयात आमच्याकडे बांधणीला जुन्या पुस्तकांचा ढीग आलाय. वाळवीने खाल्लेली, पाठ तुटलेली, एकेक बिचारं हातात घेतलं की सुटं होऊन पडतं. कापायचं यंत्र मी सध्या जोडीदारणीकडे दिलंय. त्याचा दांडा ओढायला जोर लागतो आणि माझा उजवा हात भरून येतो. मी बसून पानांचे फर्मे शिवते. बसल्या जागी काम, वर पंखा, अजून काय हवं.

तुम्ही अठरालाच घरी पोचताय ना? पोचलीस की त्याच दिवशी एक ओळ टाक. एकच ओळ पुरे. थकले-बिकले म्हणून लांबणीवर टाकू नकोस.

आई म्हणतेय, डोंगरात कानाला रुमाल बांध.

ताई

ता. क. घरी पोचल्याचं कळवायला विसरू नकोस.

२६ जुलै

प्रिय ताई,

दचकू नकोस, आम्ही अजून बाहेरच आहोत. यांच्या साहेबांनी सुटी वाढवून दिली, म्हणून डोंगरातून परस्पर समुद्राकडे आलो. तुझं पत्र घरमालकीणबाईंनी इकडे पाठवलं. कधी परतायचं ते अजून ठरलं नाही.

जागा बरी आहे. खोली लहान आहे, चार जिने चढून यावं लागतं. खिडकीतून समुद्र दिसत नाही, समोरच्या इमारतीची गच्ची दिसते. तिथे एक बाई रोज चादरी वाळत घालते. आधी झटकते, मग कोपऱ्याला कोपरा जुळवते, मग दोरीवर टाकते. एखादी जरा वाकडी पडली तर काढून पुन्हा टाकते. मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसते. बरं वाटतं.

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलंय की घड्यांवर फाटायला आलंय. रिपोर्ट चांगले. ताई, मी मोडका हात घेऊन आतल्या खोलीत होते तेव्हाही बाबांसाठी सगळं ठीकच होतं ना? मग मी आता कशावर विश्वास ठेवू, तूच सांग. तू वाईट काही लिहिलं असतंस तर निदान कळलं असतं की नियम मोडलाय आणि खरं सांगतेयस. तू कान, व्यायाम, शेजारीण, असं सगळं रंगवून लिहिलंस, आणि मग घरी कधी पोचतेस, पोचलीस की लगेच कळव, विसरू नकोस, असं पुन्हा पुन्हा. पोचल्यावर काय सांगणार आहेस मला? एवढी कसली घाई आहे?

मला आईच्या हातच्या दोन ओळी पाठव. तू सांगून लिहवलेल्या नकोत. तिच्या मनाने तिने लिहिलेल्या.

माझी झोप उडालीय. हे म्हणतात डॉक्टरांना दाखवू. मी म्हणते, मला काय झालंय?

तुझी बारकी

५ ऑगस्ट

प्रिय बारके,

घे आईच्या हातच्या ओळी. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले होते, तिच्या शेजारीसुद्धा नव्हते.

'बारकीस आशीर्वाद. मी बरी आहे. मान रोज हलवते. समुद्रात कंबरेच्या वर पाण्यात जाऊ नये. जावयांना आंघोळीनंतर डोकं नीट पुसायला सांगणे. पत्रात उगीच रडत जाऊ नये, शाई फुटते. आई.'

झालं? नसेलच झालं. आता म्हणशील, जुन्या ओळी कापून चिकटवल्या. बांधणीवाली बहीण असण्याचा हा तोटा.

समुद्र कसा आहे गं? सगळं पत्र चादरींवर लिहिलंस, लाटेचा एक शब्द नाही. असो. तुला जे बघायचं ते बघ.

मी आता शिवणही जोडीदारणीकडे सोपवलंय. बसून पुस्तकांच्या पाठीवर नावाच्या चिठ्ठ्या लावते. खळ ढवळायला डावा हात पुरतो. जोडीदारीण म्हणते, तुम्ही तर आता राणीसारखं बसून खाताय. अक्षर तिरकं आलंय ते कागद मांडीवर घेतलाय म्हणून.

तू परत आलीस की मला तुझ्याशी एक बोलायचंय. घाई नाही. म्हणजे अगदी धावत सुटावं अशी नाही. पण तारीख ठरली की कळव. नुसतं 'अजून ठरलं नाही' असं लिहू नकोस, बारके. काहीतरी ठरव.

ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईंना साष्टांग नमस्कार.

पत्रं लिहायची मला सवय नाही. लिफ्ट अडकली की आम्ही आधी वरचं यंत्र बघतो, मग दोर, मग दार. तसंच क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे आम्ही समुद्रावर नाही. कधी नव्हतोच. अठरा जुलैला ठरल्याप्रमाणे घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर आणि ही शिलाईखोलीत. तुम्हाला समुद्राचं पत्र हिने आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. मी समोर बटाटे सोलत होतो. विचारलं, समुद्र कुठे आहे? तर म्हणाली, 'तुम्ही गप्प बसा.' चादरीवाली बाई मात्र खरी आहे. ती आमच्या समोरच राहते.

दुसरी गोष्ट पिशवीची. प्रवासाची पिशवी आल्या दिवसापासून खोलीच्या मधोमध पडून आहे. ही कपडे तिच्यातूनच काढते आणि धुऊन वाळवून परत तिच्यातच ठेवते. माझे मोजेसुद्धा. दारामागे खुंटी आहे, ती रिकामी. एकदा मी पिशवी उचलून तिथे टांगायला गेलो तर हिने माझा हात धरला. मी पिशवी होती तिथेच ठेवली.

तिसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. दाराच्या घंटेची वायर हिने मला काढून ठेवायला लावली. मी काढली. आता कोणी आलं तरी कळत नाही, फक्त जिन्यावर पावलं वाजली की ही बोलता बोलता थांबते. पावलं खालच्या मजल्यावर वळली की पुन्हा बोलायला लागते. जेवण धड नाही. परवा कामावर एकाच विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले. मुकादमबाई ओरडल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

मी समजूत घालून पाहिली. तिचं म्हणणं एकच. 'मी पोचले म्हटलं की ताई सांगणार. मी पोचलेच नाही, तर आई आहे.' हे बरोबर नाही हे तिलाही कळतं. पण कळून उपयोग होत नाही.

मी फोन करणार होतो, पण दुकानदार तुम्हाला हाक मारतो तोवर लाइन तुटते. म्हणून विनंती करतो. आईंचं जे काही असेल ते मला लिहा, खालच्या माझ्या कामाच्या पत्त्यावर. मी प्रवासात नाही. माझ्या पाठीमागे कोणी बसलेलं नाही. काय ते ऐकून घेईन आणि बघीन कसं सांगायचं ते.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर माफ करा.

आपला,
लिफ्टवाला

२३ ऑगस्ट

प्रिय बारके,

समुद्रस्नान आटोपलं असेल तर ऐक. हे पत्र मेहुण्यांच्या कामाच्या पत्त्यावर पाठवतेय, ते तुझ्या हातात देतील. त्यांच्यावर डोळे वटारू नकोस. तुझ्या पायी त्या माणसाने घंटेची वायर काढली, अजून किती करायचं त्याने?

यात दोन पानं आहेत. दुसरं दुमडून टाचलंय, ते इतक्यात उघडायचं नाही. आधी ऊठ. ती पिशवी उचल, कपडे कपाटात ठेव, पिशवी खुंटीला टांग. पाय धू. मेहुण्यांना चहा टाकायला सांग, साखर जरा जास्त. बशी खाली ठेवलीस की मग टाचणी काढ.

चहा घशाखाली उतरावा म्हणून एवढं आत्ताच सांगते. आई आहे. बरी आहे. समोर बसून वाटाणे सोलतेय, आणि अर्धे पातेल्यात, अर्धे तोंडात. रिपोर्ट लिहिले होते तसेच आहेत. कानसुद्धा खरा आणि शेजारीणसुद्धा खरी.

आता जा, पिशवी टांग.

(दुसरं पान)

घेतलास चहा? बरं.

दुखणं मला आहे. जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर चढवलं तेव्हा त्यांना उजव्या काखेत गाठ लागली. मला बरेच दिवस लागत होती, पण मी म्हटलं दांडा ओढून ओढून आली असेल. सुईने तपासून जुलैत रिपोर्ट आला. गाठ चांगली नाही. काढायला हवी, आणि लवकर. त्यांनी लगेच तारीख दिली होती. मी म्हटलं, माझी बहीण सुटीवर आहे, अठराला घरी येईल, मग. तुला न सांगता मला त्या टेबलावर झोपायचं नव्हतं, आणि तू बाहेर असताना तुला सांगायचं नव्हतं. मग तू समुद्रावर गेलीस. मी तारीख पुढे ढकलली. तू समुद्रावरून हलेनास. मी पुन्हा ढकलली. डॉक्टरीणबाई शेवटी चिडल्या. म्हणाल्या, 'सुटीवर तुमची बहीण आहे का तुम्ही?'

मला तुझा राग आला, बारके. मेहुण्यांचं पत्र वाचून तर फार आला. दोन दिवस तुला काही लिहू शकले नाही. तू प्रत्येक पत्रात आई कशी आहे, आई कशी आहे. एकदाही विचारलं नाहीस की ताई, तुझा हात का भरून येतो, तू यंत्र का सोडलंस, शिवण का सोडलीस. मी दर पत्रात तुझ्यासमोर हात पुढे करत होते आणि तू माझ्यामागे आईला शोधत होतीस. ही तक्रार नाही, असं लिहिणार होते. पण आहे तक्रार. असू दे.

मग राग गेला, कारण मला भीती वाटतेय. ती मला दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. जोडीदारणीला सांगितलं तर ती रडेल आणि मलाच तिला पाणी द्यावं लागेल.

आईला मी सांगितलं नव्हतं, तिने ओळखलं. मी तिची वेणी घालते ना, तर परवा म्हणाली, 'महिनाभर डाव्या हाताने फणी फिरवतेयस, केस ओढले जातात. काय झालंय ते सांग.' सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग मी तुझं आणि पिशवीचं सांगितलं, तर आधी हसली आणि मग डोळ्याला पदर लावला. म्हणाली, 'अगं, तुझ्या बाबांना उंबऱ्यातच कळायचं. आल्या आल्या माझ्या तोंडाकडे बघायचे. पिशवी, पाय, चहा, ते सगळं कळल्यावरचं असायचं. तेवढा वेळ लागायचा त्यांना.' आपल्याला हे कुठे माहीत होतं?

तर आता तारीख ढकलत नाही. नऊ सप्टेंबर, सकाळी. तू ये अथवा नको येऊस, मी जाणार. पण ये. आई दवाखान्याच्या बाकावर एकटी बसली तर मला आत शांतपणे पडता येणार नाही. आणि नंतर बरेच दिवस माझा हात वर जाणार नाही म्हणतात. मग तिची वेणी कोण घालणार?

ताई

९ सप्टेंबर

प्रिय ताई,

तू कशी आहेस? हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं, हे आता सुचतंय.

हे पत्र टपालात टाकत नाही, हातात घेऊन येतेय. विमानतळावर बसलेय. विमानाला उशीर आहे, आणि नुसतं बसवत नाही म्हणून लिहिते. यांनी माझ्यासाठी जागा मिळवायला किती खेटे घातले काय सांगू. रोज काम सुटलं की जायचे आणि हात हलवत परत यायचे. मिळाली ती आजची. उद्या दुपारी घरी पोचेन. म्हणजे तुला आत नेताना मी तिथे नाही. माझ्या घड्याळावरून तुमच्याकडची वेळ लावत बसलेय. आता तुला नेलं असेल. किंवा नेत असतील. पुढचं मनात आणत नाही.

तुझं पत्र तू सांगितलंस तसंच वाचलं. पिशवी टांगली, पाय धुतले, चहा घेतला. टाचणी काढली आणि 'दुखणं मला आहे' ही ओळ वाचली. ताई, तुला खरं सांगते, त्याआधी 'आई आहे' वाचून मी इतकी मोकळी झाले होते की हसत होते. हसता हसताच टाचणी काढली. ते हसणं मला आता आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

अठरा जुलैला एक ओळ टाकली असती तर तुझं ऑपरेशन केव्हाच होऊन गेलं असतं. एकच ओळ पुरे, असं तूच लिहिलं होतंस. मी चादरींवर पानं भरली. तू रागव, मी समोर बसून ऐकेन. हवं तर यावेळी तू माझं बोट चाव.

पिशवी एकच दिवस खुंटीला राहिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून भरली. तीच मांडीवर घेऊन बसलेय. यांनी पहाटे निघायच्या आधी घंटेची वायर जोडली. बटण दाबून बघितली, वाजली. मी दचकले नाही. मला म्हणाले, 'पोचलीस की लगेच कळव.' मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'म्हणजे खरंच पोचलीस की.' त्यांच्या येण्याचं पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. मी आल्या दिवसापासून आईची वेणी घालीन. दोन बाजूंनी सारखी येणार नाही, पण ओढणार नाही केस.

एक मागणं आहे. आता मी खरोखरच प्रवासात आहे. गाडी मी चालवत नाही, माझ्यामागे कोणी बसलेलं नाही, तरी एवढ्यापुरता नियम राहू दे. मघाशी इथल्या फोनपाशी जाऊन उभी राहिले होते. दुकानाचा नंबर फिरवायला घेतला आणि ठेवून दिला. कळून घ्यायचंय ते मला घरी येऊन कळून घ्यायचंय. यावेळी पळत नाहीये मी, येतेय.

दार आईच उघडेल. दुसरं कोण आहे उघडायला? बाबा उंबऱ्यातच तिचं तोंड वाचायचे म्हणतेस. मी खाली मान घालून आत येईन. पिशवी खुंटीला टांगेन. पाय धुईन. आईला म्हणेन, आधी चहा दे. मी बशी खाली ठेवेपर्यंत सगळं ठीक आहे.

तुझी बारकी